कोचीला क्रूझ थांबल्यावर खरी हस्तकला कशी ओळखायची?

रंकाळाकाठ
आम्ही कोल्हापूरहून चौघी मुंबईला जाऊन क्रूझ धरणार. जहाज कोचीला सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. आरन्मुळा कण्णाडी (आरन्मुळा गावचा धातूचा आरसा) आणि एक कसवू साडी (केरळची जरीकाठी साडी) घ्यायची आहे. खरं-खोटं कळायचं कसं? आणि वेळ पुरेल का?

जुनापूल
ताई, आरन्मुळाचा आरसा काचेचा नसतो, तांबं-कथिलाच्या मिश्रधातूचा असतो. परीक्षा सोपी. कागदाची घडी करून तिचं टोक आरशाला हलकेच टेकवा. काचेत मुलामा मागच्या बाजूला, त्यामुळे टोक आणि प्रतिबिंब यांत फट दिसते. धातूत पृष्ठभागच प्रतिमा देतो, टोकाला टोक भिडतं. पेन किंवा नख लावू नका, ओरखडा कायमचा राहतो. धातू ठिसूळ आहे, पडला की तडकतो, म्हणून कपड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवा. पुसायला कोरडं मखमल, पाणी अजिबात नको.
आरन्मुळा गाव कोचीपासून शंभरावर किलोमीटर. त्या दिवसात कारागिराच्या भट्टीपर्यंत जाणं सोडून द्या. कोचीतल्याच मट्टनचेरी भागात घ्याल तर भौगोलिक मानांकनाचा दाखला मागा.

चप्पललाईन
साडीचंही तसंच. आपण कोल्हापुरी उलटी करून शिवण चामड्याच्या वादीची आहे का बघतो ना, तशी साडी उलटी करा. हातमागाचं चिन्ह शोधा. चेंदमंगलमचे विणकर कोचीच्या जवळचेच, त्यांच्या सहकारी संस्थेचा माल कुठं मिळेल ते विचारा. जरीचा धागा चांदीचा की नकली, हे बिलावर लिहून घ्या. किमतीतला मोठा फरक तिथंच असतो. पहिली धुलाई वेगळी आणि गार पाण्यात, खळ निघते.

पन्हाळवाट
जहाज विलिंग्डन बेटावर लागतं, मट्टनचेरीला रिक्षानं जाता येतं. रिक्षावाल्याला दुकान निवडू देऊ नका, कमिशन तुमच्याच बिलात चढतं. बंदराच्या गेटवर दाखवायला जहाजाचं कार्ड आणि फोटो ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा. परतायची वेळ जहाज सुटण्याची नव्हे, 'सर्वांनी चढा' म्हणून छापलेली धरा, आणि त्याच्याही एक तास आधी गेटवर या. तपासणीची रांग लांब असते. नारळ सोलायची सुरी वगैरे घेऊ नका, चढताना काढून ठेवतात.

रंकाळाकाठ
दुकानदार कागद टेकवू देईना तर?

जुनापूल
त्यालाच टेकवून दाखवायला सांगा. तरी नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा.