ईएसपीच्या दाराची डुप्लिकेट चावी: वापरू देऊ का?

नमस्कार मंडळी,

साखर कारखान्याच्या कोजनमध्ये (वीजनिर्मिती विभागात) इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. बगॅसवरचा बॉयलर, त्याला तीन फिल्डचा (भागांचा) ईएसपी, म्हणजे धुरातली राख उच्च दाबाच्या विजेने पकडणारं यंत्र. गाळप संपलंय, आता आत उतरून इलेक्ट्रोड तपासायचेत.

की इंटरलॉकची साखळी अशी आहे. पॅनलवर टीआर सेट (फिल्डला उच्च दाबाची डीसी वीज देणारा ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर) बंद केला की चावी सुटते. ती वर अर्थिंग स्विचला लावून स्विच अर्थवर फिरवला की तिथली दुसरी चावी निघते. तिन्ही फिल्डच्या अशा चाव्या एक्सचेंज बॉक्समध्ये बसल्या, तरच दारांच्या चाव्या मोकळ्या होतात. तिन्ही लागतातच, कारण आत फिल्डच्या मध्ये भिंत नाही. पहिल्या दारातून शिरलेला माणूस सहज दुसऱ्या फिल्डच्या इलेक्ट्रोडपाशी पोचतो, आणि चालू फिल्डवर 50-60 हजार व्होल्ट डीसी असतात.

बॉक्समधलं दुसऱ्या फिल्डचं कुलूप राखेने जाम झालंय. चावी आत जाते, फिरत नाही. शिफ्टमध्ये दाराची एक डुप्लिकेट चावी फिरते, कुणीतरी बाहेरून करून आणलेली. "सेट बंद आहेत ना, मग उघडा तिने," असं वरून सांगणं आहे. आत माझी पोरं उतरणार आहेत, मला हे अजिबात पटत नाही.

फक्त तेवढं कुलूप बदलून मिळतं का? आणि तोवर काम कसं करावं?

उत्तर:

दादा, अडून राहिलात ते योग्यच. कुलपावर आणि चावीवर कोरलेला कोड उत्पादकाला कळवा, त्याच कोडचं कुलूप मिळतं. दुसऱ्या फिल्डचा कोड बाकी कुठेही येऊ देऊ नका, नाहीतर एका फिल्डची चावी दुसरीकडे चालेल आणि साखळीच तुटेल.

आधी कुलूप कोरड्या हवेने साफ करून ग्रॅफाइट पूड टाकून बघा. तेल-ग्रीस नको, त्यावर राख आणखी चिकटते.

नाहीच फिरलं, तर सेफ्टी ऑफिसरच्या सहीचं लेखी परमिट घेतल्याशिवाय दार उघडू नका. तिन्ही टीआर सेटचे आणि रॅपिंग मोटरचे (राख ठोकून पाडणाऱ्या) फीडर आयसोलेट करा, म्हणजे वीजपुरवठा तोडा, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप त्यावर लागू द्या. अर्थिंग स्विचची पाती प्रत्यक्ष बसलेली बघा. सेट बंद केल्यावरही इलेक्ट्रोडच्या फ्रेमवर चार्ज उरतो, म्हणून दार उघडताच अर्थ रॉड तिन्ही फिल्डच्या फ्रेमला लावा आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्या. ऑक्सिजन तपासणं आलंच.

डुप्लिकेट आजच सेफ्टी ऑफिसरकडे सीलबंद जमा करा, रजिस्टरला नोंद करून. वरिष्ठांना एवढंच विचारा: ती चावी खिशात असताना अर्थिंग झालंय याची खात्री कोण देणार?