गाडीच्या काचेतून दिसलेलं रान : तुमचे अनुभव

जंगलातून स्वतः गाडी चालवत जायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकेक प्राणी पक्का असतो. दिसतं मात्र भलतंच, आणि तेही ज्याला प्राण्यांचं सगळ्यात कमी पडलेलं असतं त्याला. आमच्याकडे दरवेळी हेच होतं. तुमच्याकडे? थोरामोठ्यांना, चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन राष्ट्रीय उद्यानांतून केलेल्या प्रवासात कोणाला काय दिसलं, काय हुकलं, कुठे फजिती झाली, सगळं येऊ द्या. मीच सुरुवात करते.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर. नवरा स्टिअरिंगवर, मी नकाशा घेऊन शेजारी, मागे सासरे आणि सात वर्षांची लेक. पसारा जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचा, डांबरी रस्त्यावर ताशी ५०ची मर्यादा, मातीच्या रस्त्यावर ४०ची. पहिला दिवस आम्ही काटेकोर पन्नासने पळवला आणि इंपाला हरणांशिवाय फारसं काही पदरात पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सासरे म्हणाले, "अरे, आपल्याला कुठे पोचायचंय का?" तेव्हापासून वीस-पंचवीस.

तिसऱ्या सकाळी सातारा कॅम्पजवळ होतो. (हो, सातारा. सासऱ्यांनी त्या पाटीसोबत तीन फोटो काढून घेतले.) तिथला एस-१०० हा मातीचा रस्ता सिंहांसाठी नावाजलेला, म्हणून आम्ही तिघं नजरेने गवत विंचरत होतो. लेक चित्रं रंगवत होती. मान वर करून तिने विचारलं, "ते सगळे जिराफ तिकडेच का बघतायत?" पाच जिराफ होते. एकाचंही तोंड हलत नव्हतं, पाचही माना एका झुडपाकडे वळलेल्या. गाडी बंद केली. वीस मिनिटं नुसतं वाळलेलं गवत. मग त्या गवतात एक काळा गोंडा उठला, माशी हाकलल्यासारखा एकदाच हलला आणि खाली गेला. सिंहिणीच्या शेपटीचं टोक. ते कळल्यावर कान दिसला, कानावरून कपाळ, आणि शेजारी पसरलेल्या आणखी दोघी. म्हणजे आम्ही वीस मिनिटं त्यांच्याकडेच बघत होतो! लेकीने "तीन" असं मोजलं आणि पुन्हा खडू हातात घेतले.

*

जिराफांवरून आठवलं. आपल्याकडे हेच काम चितळ आणि वानरं करतात. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या रस्त्यावर थांबायला मनाई आहे, रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूकच बंद, त्यामुळे तिथे जे दिसेल ते चालत्या गाडीतून. पण उद्यानाच्या सफारीत वानराची खाकर आणि चितळाचा तो टोकदार "कूक" एकाच दिशेने येत राहिला तर समजायचं, कोणीतरी निघालंय. आम्हाला असा कूक बारा मिनिटं ऐकू आला. कोणीही निघालं नाही.

*

आम्ही अमेरिकेतल्या यलोस्टोनला गेलो होतो मे महिन्यात, आईला घेऊन. जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १८७२चं. तिथे नियम असा की अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, आणि बाकीच्यांपासून २५ यार्ड अंतर ठेवायचं. बायसनांना, म्हणजे तिथल्या लोकरी रानबैलांना, हा नियम कोणी सांगितलेला नाही. पन्नास-साठ जणांचा कळप रस्त्यावर उतरला आणि वाहतुकीसकट आमच्याकडे चालत आला. आम्ही इंजिन बंद करून, काचा वर घेऊन गप्प. एक नर आईच्या खिडकीला घासूनच गेला. काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं उमटलं, ताटलीएवढं. त्या दिवसांत त्यांची हिवाळी लोकर झडत असते, खांद्यावरून तिचे पुंजके लोंबत होते. आई हळूच म्हणाली, "उसवलेली गोधडी पांघरून आलाय गं!" अंग केवढं आणि चाल किती संथ! हे जनावर ताशी ५० किलोमीटरच्या वर पळू शकतं, हे मी तिला कळप लांब गेल्यावर सांगितलं.

लांडग्याचीही गोष्ट आहे. तिथल्याच लामार खोऱ्यात, जिथे १९९५मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे सोडले, तिथे पहाटे रस्त्याच्या कडेला माणसं तिकाटण्यांवर मोठ्या दुर्बिणी लावून उभी असतात. एका बाईंनी आपली तिकाटणी पार खाली करून माझ्या मुलाला बघायला बोलावलं. तो किती तरी वेळ डोळा लावून होता. "काय दिसलं?" तर म्हणे, "एक ठिपका. पण तो बसला!"

*

आमची फजिती सांगतो. चूक सर्वस्वी माझी.

क्रूगरच. एकटा हत्ती रस्त्याने समोरून येत होता. बायको म्हणाली, थांब. मी म्हटलं, कडेने जाऊ देईल तो. जवळ गेल्यावर त्याच्या डोळ्यामागून गालावर उतरलेला काळपट ओला ओघळ दिसला, मागचे पायही आतून ओले, म्हणजे माजावर आलेला नर. शाळेत संस्कृतला "गंडस्थळातून पाझरणारा मद" पाठ केला होता, तो असा, विंडशील्डच्या पलीकडे, चाळीस पावलांवर बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. त्याने मान झटकली, कान फटकन अंगावर आपटले. मी रिव्हर्स टाकला. तो चालतच होता, पळत नव्हता, आणि मी मागे, मागे, मागे. वळण आलं तरी मागेच. मागच्या सीटवरून माझी पंधरा वर्षांची मुलगी मला दिशा सांगत होती, "थोडं डावीकडे बाबा, सरळ, सरळ," असं अगदी शांतपणे. शेवटी त्याला एक झाड आवडलं आणि तो आत वळला.

तेव्हापासून हत्ती दिसला की लांबच थांबतो, आणि मागे निघायला जागा आहे ना, हे आधी बघतो. बायको काही बोलत नाही. नुसती बघते.

*

वरचं वाचून हात थरथरले! आमच्याकडे असलं नाट्य नाही, पण भांडणं भरपूर. "तो बघ!" "कुठे?" "अरे तिकडे!" "तिकडे म्हणजे?" एवढ्यात प्राणी गेलेला. उपाय घड्याळाचा. गाडीचं नाक म्हणजे बारा. "दोन वाजता, पडलेल्या झाडाच्या डावीकडे." सहा वर्षांच्या भाच्याला अजून घड्याळ कळत नाही, तो दरवेळी "साडेसात!" ओरडतो, आणि आम्ही सगळे इमानदारीत मागे वळून बघतो.

दुर्बीण ८×४२ची पुरे. आठ पट मोठं दिसतं, हात हलला तरी चालतं. जास्त ताकदीची घेतली की मुलांच्या हातात नुसतं नाचतं. आणि डोळे प्राण्यावर ठेवूनच दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण शोधली की प्राणी परत सापडत नाही. इंजिन बंद करायला विसरू नका, थरथर हातात येते. आणखी एक, माझं स्वतःचं खूळ म्हणा हवं तर: झाडं उभी असतात, जनावराची पाठ आडवी असते. म्हणून मी झाडीत आडव्या रेघा शोधते. दहापैकी नऊ ओंडके निघतात.

*

वानरांना गाडीतून खायला टाकणाऱ्यांचं काय करायचं? आमच्या पुढच्या गाडीने टाकलं, पोरं टाळ्या पिटत होती. पोटाशी पिल्लू धरलेली एक मादी दोन गाड्यांच्या मधून धावली. वाचली. पण आता ती प्रत्येक गाडीकडे धावणार. त्या दिवशी पुढे काय काय दिसलं, मला आठवतही नाही.

*

कॅनडातल्या बान्फमध्ये हायवेवर एक पूल लागला. त्याच्यावर झाडं! मुलांनी विचारलं, वर रस्ता कुठाय? तो प्राण्यांचाच रस्ता. दोन्ही बाजूंनी कुंपण आणि असे ६ पूल, शिवाय ३८ भुयारी वाटा. हे झाल्यापासून हरणं आणि एल्क गाड्यांखाली येण्याचं प्रमाण तिथे ९६ टक्क्यांहून जास्त घटलंय. पुलाखालून आम्ही चारदा गेलो. खालून वरचं काही दिसत नाही, हे मोठ्यांना कळतं. धाकटा मात्र प्रत्येक वेळी पुलाखाली हात हलवायचा.

*

नामिबियातलं एटोशा. मिठागरासारखा पांढराफेक, सपाट, कोरड्या तळ्याचा तळ, त्यामुळे कोरड्या दिवसांत प्राणी पाणवठ्यांवरच भेटतात. गाडी लावायची आणि बसायचं, बास. ओकाकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो, कुंपणाच्या अलीकडे बाकं. साठ-सत्तर माणसं असतील, पण बोलणं कुजबुजीपलीकडे नाही.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. दिवसभर "गेंडा, गेंडा" करून दहा वाजता बाकावरच माझ्या मांडीवर झोपला. अकराच्या सुमारास अंधारातून दगडांवर पाय घासल्याचा आवाज आला. काळा गेंडा, मादी, मागे पिल्लू. पाण्यात उलटं प्रतिबिंब, नाकाला नाक लागलेलं. मादीने फुस्स केलं ते आमच्यापर्यंत ऐकू आलं. मी पोराला हलवलं, हाक मारली, गालावर चापट्याही मारल्या. त्याने डोळे उघडले, सरळ गेंड्याकडे बघितलं, "हो" म्हणाला आणि झोपला.

सकाळी त्याला काहीच आठवेना. आज तो एकोणीस वर्षांचा आहे. मी त्याला उठवलंच नव्हतं, असं तो अजूनही चारचौघांत सांगतो.