पाणपोईवरची पाटी वाचायची आहे, ऑइलपेंट कसा काढू?

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत आमच्या बोळाच्या तोंडाशी एक जुनी दगडी पाणपोई आहे. पितळी तोटी कधीच गेली, नुसतं भोक उरलंय. खाली जनावरांसाठी डोण आहे, तिच्यात सध्या गुटख्याच्या पुड्या आणि कुणाचं तरी फुटकं हेल्मेट. मधोमध संगमरवरी पाटी. तिच्यावर दर गणपतीआधी रंगाचा हात फिरतो. वर भगवा, खाली निळा, त्याखाली पिवळा. कडेला पोपडे निघालेत तिथे थर मोजता येतात.

वाचता येतं ते एवढंच: 'रावबहादूर', मग नावाच्या जागी रंगाचा लपका, 'यांचे स्मरणार्थ', 'पुणे सिटी म्युनिसिपालिटी' आणि 'शके १८'. पुढचे दोन आकडे बुजलेत. महानगरपालिका झाली फेब्रुवारी १९५० मध्ये, म्हणजे शके १८७१ च्या पुढचं काही नसावं. पण शके १८०० म्हणजे १८७८. सत्तरेक वर्षांत कुठे शोधू? आजी सांगते, पानशेतच्या पुरात (१९६१) पाटी बुडाली होती. नाव विचारलं की म्हणते, "अरे, ते पाण्याचे रावबहादूर!" झालं.

आता मदत हवी आहे ती रंगाची. शेजारचे काका ॲसिड आणून देतो म्हणतात. संगमरवर आहे तो, रंगाआधी अक्षरंच खाईल. तारेचा ब्रशही नको, कारण अक्षरांत शिसं ठोकून बसवलंय. जिथे ते निखळलंय तिथे बारीक भोकं दिसतात. पेंट रिमूव्हरची जेल कुणी अशा पाटीवर वापरली आहे का? शिशाला काही होतं का? आणि परवानगी महापालिकेत नेमकी कुठल्या टेबलावर मागायची? गणपती तीन आठवड्यांवर आलेत, रंगाचा डबा येण्याआधी काहीतरी करायचंय.

दुसरं, उद्घाटनाची बातमी 'केसरी' किंवा 'ज्ञानप्रकाश'मध्ये आली असणार. साल माहीत नसताना जुने अंक चाळायची काही युक्ती? की रावबहादूर हा सरकारी किताब, म्हणून आधी पुराभिलेखागारात गॅझेटमधल्या याद्या बघू?

ता. क. काल रात्री टॉर्च पाटीला अगदी चिकटवून तिरका धरला आणि फोटो काढले. 'स्मरणार्थ'च्या खाली आणखी एक ओळ निघाली: 'त्यांचे पत्नीने बांधविली'. तिचं नाव मात्र निळ्या थराखाली आहे.