शिप-शीपचा सराव म्हणे गुलामी!

पाटीपेन्सिल: परवा इथे एकांनी लिहिलं, 'इंग्रजीतले शिप (जहाज)-शीप (मेंढी), बेड-बॅड घोकून घेणं ही गोऱ्यांची गुलामी, संदर्भाने सगळं कळतं.' राहवेना, म्हणून वेगळा धागा काढला. मी मराठी शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. 'एक ऱ्हस्व, एक दीर्घ' एवढंच सांगून आपण मुलांचा घोळ करतो. शीप म्हणताना जीभ वर आणि पुढे जाते, ओठ ताणले जातात. शिपला जीभ थोडी खाली, सैल. शिवाय 'बीट'मधला (beat) ई पुढच्या टमुळे 'बीड'मधल्या (bead) ईपेक्षा चांगलाच आखूड होतो. नुसती लांबी मोजणारं पोर तिथेच फसतं. म्हणून आधी कान तयार करायचा: मी शब्द म्हणते, मुलं दोनांतला कोणता ते एक किंवा दोन बोटांनी दाखवतात. ओठ बघायला आरसा नंतर.

उंबरा: ते 'एकांनी' म्हणजे मीच. 'शीप बंदराला लागलं' म्हटल्यावर कुणाला मेंढी दिसते? अमेरिकेत कितीतरी लोक कॉट आणि कॉट, म्हणजे खाट आणि 'पकडलं', एकसारखंच म्हणतात. त्यांना कुणी वर्गात उभं करत नाही. माझी बहीण पेनला 'पॅन' म्हणाली म्हणून अख्खा वर्ग हसला, बाईंसकट. आज ती बँकेत अधिकारी आहे, पण इंग्रजी फोन आला की दुसऱ्याकडे देते. हे तुमच्या सरावाचं फळ.

पाटीपेन्सिल: हे हसण्याचं फळ. सरावाच्या माथी मारू नका.

बोरूबहाद्दर: मुळात मराठीत तरी ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतं का? शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी शेवटचा इ-उ दीर्घ केला. 'कवी' लिहा, पण 'कविराज' ऱ्हस्व. 'गुरू', पण 'गुरुकुल'. वेलांटी कानाने नाही, नियमाने द्यायची. अशा पोराला शिपचा इ काय कळणार?

तिठा: नियम काढूनच टाका. एकच वेलांटी ठेवा.

बोरूबहाद्दर: म्हणजे 'दिन' आणि 'दीन' एक करायचे? पेपर तपासलेत कधी?

तिठा: तपासलेत. वेलांटीपायी हुशार मुलांचे गुण कापताना हात थरथरतो. तुमचा थरथरत नसेल.

बोरूबहाद्दर: वैयक्तिक होऊ नका.

उंबरा: वेलांट्यांचं भांडण दुसरीकडे न्या. इंग्रजी उच्चारांच्या अभ्यासक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली मांडलंय की जगभरचे परके एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा स्वराचा नेमका रंग गोऱ्यांसारखा असायची गरज नाही.

पाटीपेन्सिल: पुढचंही सांगा ना. लांब-आखूड स्वरांतला फरक मात्र त्या राखायलाच सांगतात. म्हणजे शिप-शीप सुटत नाहीच.

उंबरा: बरं बाई, लांबीपुरतं मान्य. जिभेची कसरत नाही.

पाटीपेन्सिल: लांबी 'बीट'ला दगा देते, वर लिहिलंय. आणि बेड-बॅडचं भय कशाला? आपल्याकडे ॲ आहे, मॅच-बॅट पोरं जन्मापासून म्हणतात. तिथे दोन दिवस पुरतात. सगळा वेळ इ-ईला आणि पुल-पूलला (pull-pool) द्यावा.

उंबरा: द्या. पण चुकलेल्या पोराला एकट्याने उभं करून म्हणायला लावलंत, तर तुमच्या वर्गात येऊन भांडेन.

पाटीपेन्सिल: या. बोटं दाखवायला तुम्हालाही बसवते.