चिमुकल्यांसह ख्रिस्ती संगीत महोत्सवात तंबूत मुक्काम?

प्रश्न: उन्हाळी महोत्सवाला यंदा सहकुटुंब जायचंय, मुक्काम तंबूतच. मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. रात्रीच्या स्तुतिगीतांना मला थांबायचंच आहे, पण धाकटा मोठ्या आवाजाने दचकतो. काय करू?

उत्तर: जरूर जा, ताई. धाकट्याला इअरमफ, म्हणजे आवाज कमी करणारी कानझाकणी, हवीतच. मंचाजवळ आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. कानात घालायचे फोमचे बोळे नकोत, एवढ्या लहान वयाची मुलं ते तोंडात घालतात. आधी घरी खेळता खेळता सवय करा, नाहीतर ऐन वेळी भिरकावून देईल. स्पीकरपासून लांब, मागे बसा. उपासना तिथूनही मनापासून होते.

उत्तर: तंबूवर सकाळी सावली असू द्या. ऊन चढलं की आत भट्टी होते.

उत्तर: मुलीच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहा. घामाने पुसतो, रोज गिरवा.