नवं प्रतिजैविक शोधायचं की जुन्यालाच जोडीदार द्यायचा?

मार्कंडेयकाठ
बेळगाव-खानापूर-चिकोडी भागातल्या फार्मसी आणि मायक्रोबायोलॉजीवाल्यांसाठी हा धागा. माझं मत: औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी कोरं नवं प्रतिजैविक शोधण्यापेक्षा जुन्याला जोडीदार द्यावा. अ‍ॅमॉक्सिसिलिन फोडणाऱ्या जिवाणूंच्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमला क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड अडकवून ठेवतं, म्हणून ती गोळी अजून चालते. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत जन्मलेलं एनमेटाझोबॅक्टम याच जातीचं. सेफेपिम या प्रतिजैविकाच्या जोडीने त्याला फेब्रुवारी २०२४मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

झाडंही हेच करतात. दारुहळदीच्या जातकुळीत बर्बेरिन हे जिवाणूंना मारक द्रव्य असतं, पण स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू ते आपल्या नॉरए पंपाने बाहेर फेकतो. २०००मध्ये दाखवून दिलं गेलं की हीच झाडं तो पंप रोखणारा ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन नावाचा रेणूही बनवतात. आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, खानापूरचं जंगल हाकेच्या अंतरावर. इथली ताकद जोडीदार शोधण्यात लावली पाहिजे.

खडेबाजार
सर, दिशा पटली, पण झाडांच्या अर्कावर जे काम चालतं त्यातलं बरंचसं मोजणीतच फसतं. जिवाणू पसरलेल्या आगरच्या थराला भोक पाडून अर्क ओतला, भोवती जिवाणू न वाढलेला झोन दिसला, लिहा 'प्रभावी'. झोन अर्क किती पसरला यावरही ठरतो. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं आणि सगळ्याच एन्झाइमना 'रोखल्यासारखं' दाखवतं. अर्क विरघळवायचं डीएमएसओ जास्त झालं तर जिवाणूंची वाढ त्यानेच खुंटते.

करायचंच तर ९६ खाच्यांच्या प्लेटवर चेकरबोर्ड करा. आडव्या रांगेत प्रतिजैविक निम्म्या-निम्म्याने कमी, उभ्या रांगेत जोडीदार. प्रत्येक खाच्यात मिलिलिटरला ५ लाख जिवाणू, ३५ अंशांवर १६ ते २० तास. डीएमएसओ १ टक्क्याच्या आत, आणि नुसत्या डीएमएसओची रांग वेगळी. जोडीत मात्रा किती कमी लागली ते सांगणारा एफआयसी निर्देशांक ०.५ किंवा कमी आला तरच सिनर्जी, म्हणजे एकमेकांना बळ, म्हणा. जोडीदाराला स्वतःचा मारा नसेल तर प्रतिजैविकाची एमआयसी (वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा) किमान चौपट खाली यायला हवी, कारण दुपटीचा फरक चाचणीचीच चूक असू शकतो.

आणखी एक खड्डा: अर्काच्या रंगामुळे गढूळपणा दिसत नाही, म्हणून लोक जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं रेझाझुरिन घालतात. पण अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच रेझाझुरिनचा रंग पालटतात. मग मेलेला खाचा जिवंत दिसतो. शेवटी खाच्यातलं द्रव आगरवर पसरून वसाहती मोजाव्याच लागतात. पंप रोखल्याचा दावा असेल तर नॉरए जास्त बनवणारा स्टॅफ आणि नॉरए काढून टाकलेला स्टॅफ शेजारी-शेजारी ठेवा. दुसऱ्यातही तेवढाच फरक पडला, तर तुमचा रेणू पंपाला हातही लावत नाही.

घटप्रभा
दोघेही स्टॅफवर बोलताय. आयसीयूत डोकेदुखी क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टरची आहे, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे. क्लॅव्ह्युलॅनिक, अ‍ॅविबॅक्टम, एनमेटाझोबॅक्टम हे सगळे कामाच्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असलेल्या एन्झाइमना धरतात. एनडीएम हे प्रतिजैविकं फोडणारं एन्झाइम जस्ताच्या जोरावर चालतं, त्याला ते शिवतही नाहीत.

आज वाट आहे ती सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टम अधिक अ‍ॅझट्रिओनम. एनडीएम अ‍ॅझट्रिओनमला फोडत नाही, आणि ते फोडणारी बहुतेक सेरीन एन्झाइमं अ‍ॅविबॅक्टम रोखतं. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. २ मिलि ब्रॉथच्या चार नळ्या घ्या: एकीत अ‍ॅझट्रिओनमची ३० मायक्रोग्रॅमची चकती, दुसरीत सेफ्टाझिडिम-अ‍ॅविबॅक्टमची, तिसरीत दोन्ही, चौथी कोरी. औषध ब्रॉथमध्ये उतरू द्या, मग जिवाणू घाला, रात्रभर ठेवा. फक्त तिसरी स्वच्छ राहिली तर जोडी चालते. तालुक्याच्या लॅबलाही जमेल.

पण हेही पुरत नाही. भारतातल्या एनडीएमवाल्या ई. कोलायमध्ये अ‍ॅझट्रिओनम जिथे चिकटतं त्या पीबीपी-३ या जिवाणूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनात चार अमिनो आम्लं जादा घुसलेली वारंवार सापडतात. तिथे पकड ढिली होते, जोडीदार कितीही चांगला असो. म्हणून वेगळं लक्ष्य धरणारा रेणू हवाच. वॉकहार्टचं झिडेबॅक्टम स्वतः पीबीपी-२ला चिकटतं, ही खरी नवी चाल.

मार्कंडेयकाठ
मॅडम, झिडेबॅक्टमही सेफेपिमच्या जोडीनेच देतात की! आणि जस्ताचं म्हणाल तर २०१४मध्ये कॅनडात अ‍ॅस्परगिलोमॅरास्मिन-ए हा बुरशीचा रेणू एनडीएममधलं जस्त काढून घेतो हे दिसलं. उंदरांत मेरोपेनेम हे प्रतिजैविक पुन्हा चाललं.

पैशाचंही बघा. प्लाझोमायसिन या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८मध्ये मंजुरी मिळाली, आणि एप्रिल २०१९मध्ये ते बनवणारी अकाओजेन कंपनी दिवाळखोरीत गेली. नवं औषध राखून ठेवायचं म्हटल्यावर खप होणार कसा?

खडेबाजार
जस्ताच्या बाबतीत सावध राहा. पॉलिफेनॉलवाला कोणताही अर्क परीक्षानळीत जस्त ओढून घेतो आणि एनडीएम 'बंद' झालेलं दिसतं. झिंक सल्फेट जास्त घालून पुन्हा करा. परिणाम पुसला गेला तर तो जस्त ओढणाराच. आपल्या शरीरातही जस्तावर चालणारी एन्झाइमं आहेत, त्यांचं काय होतं ते आधी पाहायला हवं. अकाओजेनबद्दल सहमत, पण तो दोष रेणूचा नाही, विक्रीवर पैसे देण्याच्या पद्धतीचा आहे. इंग्लंडमध्ये २०२२मध्ये दोन औषधांना खप कितीही असो, ठरावीक वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात झाली.

निपाणीकर
जोडीदार झिजतो कुठे हे कुणीच बोललं नाही. दुभत्या म्हशीला दगडी (कासेचा दाह) झाली की सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन-टॅझोबॅक्टमचं इंजेक्शन देतात. त्यातला जोडीदार टॅझोबॅक्टम माणसांच्या दवाखान्यात पिपरासिलिनसोबत असतो. शेणातून, दुधातून त्या गोठ्यातले प्रतिरोधी जिवाणू निघतात, जोडीदाराला सरावलेले. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर जुलै २०१९मध्ये केंद्राने खाद्यप्राण्यांसाठी बंदी आणली, तशी रेघ इथेही हवी. दगडीत आधी दुधाचा नमुना सडाची टोकं स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा सोडून घ्यावा. कल्चर करून मगच औषध निवडावं. नवा जोडीदार आला तर पहिली अट हीच हवी, गोठ्यात परवानगी नाही.

घटप्रभा
निपाणीकर, ही अट मला मान्य. मात्र पशुवैद्यकांना कल्चरचा निकाल दोन दिवसांत मिळण्याची सोय तालुक्याला करायची कुणी, ते सांगा. तोपर्यंत गाय आटते, म्हणून तेच इंजेक्शन दिलं जातं.