मदत हवी आहे: घार आणि शिक्रा गावठी कोंबडीची पिल्लं उचलतात (राजापूर)

अंगण_राजापूर:
घरामागे आंबा-काजू, मध्ये साधारण 20 बाय 30 फुटांची मोकळी जागा. बारा गावठी कोंबड्या, दोन कोंबडे. मोठ्यांना धोका नाही, पण कोंबडी पिल्लं घेऊन फिरायला लागली की पहिल्या महिन्यातच निम्मी जातात. दिवसाच, बहुतेक सकाळी. मागे काही उरत नाही, कधी काजूखाली पिसांचा पुंजका दिसतो. सीडी टांगल्या, आठवडाभरच उपयोग झाला. मासेमारीचं जुनं जाळं फुकट मिळतंय, ते वर ताणू का? पक्ष्याला इजा होऊ द्यायची नाही.

खुराडे:
आधी नेणारा कोण ते नक्की करा, दोघांची तऱ्हा वेगळी. घार उघड्यावर घिरट्या घालते, शेपटीला मध्ये खाच असते, जमिनीवर न टेकता पायांनी उचलून जाते. शिक्रा कबुतराएवढा, पंख आखूड आणि गोलसर, शेपटीवर आडवे पट्टे. तो झाडात दबा धरतो आणि फांद्यांखालून, जमिनीलगत सुटतो. भक्ष्याची पिसं उपटून मग खातो, म्हणून पुंजका दिसला की संशय त्याच्यावर. मान चावलेली बरीच पिल्लं एकदम पडलेली असतील तर ते मुंगूस. त्याला वरचं जाळं काहीच करत नाही.

मासेमारीचं जाळं जाड, पिळाच्या दोऱ्याचं असेल तर चालेल. तंगुसाचं (बारीक, पारदर्शक नायलॉनच्या एकेरी दोऱ्याचं) अजिबात नको. ते दिसत नाही, त्यात कोतवाल पक्षी, घुबड, धामण सगळे अडकून मरतात. विकत घ्यायचं तर दीड ते दोन इंच घराचं (छिद्राचं), गाठी मारलेलं जाळं घ्या.

दर 8 ते 10 फुटांवर 7 फुटी खांब, म्हणजे आत उभ्याने वावरता येईल. खांबांच्या माथ्यांवरून 12 गेजची तार उभी-आडवी ओढून ताणा आणि जाळं तिच्यावर पसरा. खांबाच्या टोकाला प्लॅस्टिकची बाटली उलटी बसवा, नाहीतर वाऱ्याने घासून जाळं तिथेच फाटतं. कडा वीतभर अंतरावर बांधत जा. बहुतेकांचं काम इथेच फसतं. कडेच्या फटीतून शिक्रा आत शिरतो, बाहेरची वाट सापडत नाही आणि घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरतात. शिक्रा खालून येणारा असल्यामुळे चारही बाजू बंद हव्यात. तळाला 2 फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची कडक जाळी) लावा, तिची खालची फूटभर पट्टी बाहेरच्या अंगाला दुमडून मातीखाली घाला, म्हणजे मुंगूस उकरत नाही.

काजूबाग:
सगळी जागा झाकायची गरज नाही. 10 बाय 12 फुटांचा पिल्लांचा वाडा झाका, मोठ्या कोंबड्या मोकळ्या सोडा. पहिले तीन आठवडे कोंबडी-पिल्लं डालग्याखाली (बांबूच्या उलट्या टोपलीखाली) ठेवली तरी चालतात, फक्त डालगं सावलीत हवं आणि रोज जागा बदलायला हवी. एकाच जागी ठेवलं की विष्ठा साचते आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते.

बाहेर सोडताना लपायला आडोसा द्या. झापांची (विणलेल्या माडाच्या पानांची) 4 बाय 6 फुटांची चौकट, चार दगडांवर फूटभर उंच, अशा चौकटी 10-12 फुटांवर मांडा. कोंबडा घार बघून बारीक, लांब आवाज काढतो, कुत्र्या-मुंगसाला बघून मोठ्याने कलकलतो. पहिल्या आवाजाला पिल्लं जवळच्या आडोशात पळतात, पण आडोसा जवळ असला तरच.

रानपाखरू:
वेळही सांभाळा. शिक्रे साधारण मार्च ते जूनमध्ये घरटी करतात, तेव्हा पिलांना भरवायला सारख्या खेपा घालतात. दसऱ्यानंतर कोंबडी अंड्यांवर बसवली तर 21 दिवसांनी पिल्लं निघतात आणि शिक्र्याच्या हंगामापर्यंत त्याला न पेलण्याइतकी मोठी होतात. पावसात पिल्लं काढणं मला पटत नाही, ओलीत ती तशीही दगावतात.

घारीसाठी पहिला उपाय स्वच्छतेचा. मासळीची आतडी, कोंबडीचा टाकाऊ भाग उघड्यावर टाकला की ती रोजची येणारी होते. खड्डा करून पुरा. कोतवाल जवळपास घरटं करत असेल तर ते झाड तोडू नका. घारीला आणि कावळ्याला तो हाकलून लावतो.

विष ठेवायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. हे पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत, घरटं पाडणंही गुन्हा आहे. शिवाय ते विष तुमच्याच कोंबड्या टिपतील. पक्षी जाळ्यात अडकला तर अंगावर जाड कापड टाका, पाय धरा (इजा चोचीपेक्षा नख्यांनी होते), दोरा कात्रीने कापा. जखम असेल तर वनखात्याला 1926 वर कळवा.

अंगण_राजापूर:
आभारी आहे. मासळी मागच्या दारीच साफ होते, ते आजपासून बंद. जाळं तंगुसाचंच आहे, नको म्हणून सांगतो. एक शंका: आंब्याचा पाला साचून जाळं खाली येईल ना?

खुराडे:
येईल, आणि लोंबलेल्या जाळ्यावर बसून कावळा खालच्या पिल्लाला टोचतो. मधली तार कडांपेक्षा फूटभर उंच ठेवा, म्हणजे दोन्हीकडे उतार मिळतो. मग आतून बांबूने ढोसलं की पाला कडेला घसरतो. पावसाळ्याआधी जाळं सोडून गुंडाळून ठेवलंत तर वादळात फाटणार नाही, उन्हाने कुजायचंही कमी होईल.